अकराव्या अध्यक्षांची जन्मतारीख

तक्त्यात एकतीस नावं होती. त्यांतले एकोणीस वारलेले, नऊ पायउतार होऊन घरी बसलेले, एक सध्या खुर्चीवर, आणि दोघांच्या मृत्यूच्या रकान्यात प्रश्नचिन्ह; ते देश सोडून गेले, पुढे त्यांचं काय झालं कुणालाच ठाऊक नव्हतं. जन्म, शपथ, पायउतार, मृत्यू आणि आयुष्य असे पाच रकाने. आयुष्याच्या रकान्यात वर्षं आणि दिवस. राष्ट्राध्यक्षांच्या वयाचा हा तक्ता वार्षिकीत दर साली एकशे बाराव्या पानावर छापला जाई, आणि दर साली कुणीतरी वाचक पत्र लिहून कळवी की अमुक अध्यक्षांचा एक दिवस तुम्ही खाल्लात. संपादकांना त्या पत्रांचा वीट आला होता. म्हणून यंदा तक्ता तिच्याकडे आला. ती संख्याशास्त्र शिकलेली, नोकरीला सात महिने झालेली, आणि लीप वर्षांचं गणित तिला झोपेतून उठवलं तरी येत होतं. हे काम दोन दिवसांचं आहे असं तिने संपादकांना सांगितलं होतं. आज नववा दिवस होता.

तिच्या समोरच्या टेबलावर प्रुफं तपासणारे गृहस्थ बसत. तीस वर्षांची नोकरी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांना सगळं ऑफिस अनुस्वार म्हणे, तेही तोंडावर, आणि ते ओ देत. पहिल्याच दिवशी त्यांनी तक्ता उचलून विचारलं होतं, लागलेलं छापताय की सरलेलं. तिला कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, की साठावं लागलं म्हणणारा माणूस एकोणसाठ वर्षांचा असतो, आणि साठ सरली म्हणणारा साठचा. ज्या कुणी हा तक्ता पूर्वी केला त्याने आवडत्या अध्यक्षांचं लागलेलं घातलं आणि नावडत्यांचं सरलेलं, त्यामुळे चांगली माणसं जरा जास्त जगली. तिने विचारलं, मग मेलेल्यांचं काय धरायचं. "मेलेल्याला काही लागत नाही, गणितबाई," ते म्हणाले. "त्याचं सरलेलंच." आणि पुन्हा प्रुफात बुडाले.

एवढ्यावर भागलं असतं. पण हिशेब करता करता तिच्या हाताला खडा लागावा तसं काहीतरी लागत राहिलं. एकतीस जन्मतारखांपैकी सात तारखा महिन्याच्या एकला किंवा पंधराला होत्या. नुसत्या योगायोगाने दोन असायला हव्या होत्या. जन्माला येताना माणूस कॅलेंडर बघून येत नाही. तारीख नंतर कुणीतरी घालतं, आणि घालणाऱ्याला गोल आकडे आवडतात. मग तिने शपथेच्या दिवशीची वयं चढत्या क्रमाने मांडली. कायदा असा होता की पासष्ट पूर्ण झालेल्या माणसाला अध्यक्षपदाची शपथ घेता येत नाही. बासष्ट आणि त्रेसष्टच्या मध्ये दोन अध्यक्ष, त्रेसष्ट आणि चौसष्टच्या मध्ये एक, आणि चौसष्ट आणि पासष्टच्या मध्ये पाच. कुंपणाशी गर्दी झाली होती. माणसं कुंपणापर्यंत चालत आली नव्हती, पलीकडून उडी मारून आत उतरली होती, आणि आता कपडे झटकून साळसूद चेहऱ्याने उभी होती. अगदी शेवटी, कुंपणाला पाठ टेकून, अकरावे अध्यक्ष. शपथेच्या दिवशी वय चौसष्ट वर्षं तीनशे एक्कावन्न दिवस. चौदा दिवसांनी वाचले. आयुष्य शहाऐंशी वर्षं चाळीस दिवस. जन्म सतरा नोव्हेंबर.

ही तारीख तिला पाठ होती. ती तिच्या बाबांची होती. यात नवीन काही नव्हतं, घरातली ती जुनी गंमत होती. बाबा शाळेत असताना अकरावे अध्यक्ष गादीवर होते आणि सतरा नोव्हेंबरला सुट्टी असे, आणि बाबा तिला सांगत की माझ्या वाढदिवसाला सरकार सगळ्या देशाला सुट्टी द्यायचं. नऊ वर्षांची होईतो तिचा त्यावर विश्वास होता. वर्गात एका मुलीशी ती त्यावरून भांडलीही होती. नंतर कळलं तेव्हा हसली, आणि मग विसरली. तीनशे पासष्ट दिवसांत कुणाचा तरी वाढदिवस कुणाच्या तरी दिवशी येणारच. पण आता ती तारीख कुंपणाच्या आत, गर्दीत, त्या पाचजणांच्या शेजारी दिसत होती, आणि बोलावलं नसताना हॉस्पिटलचा फॉर्म आठवला. निळ्या पेनाने, लिफ्ट-दुरुस्तीच्या नोकरीत नोंदवही भरत असत तसल्या ठसठशीत आकड्यांत बाबांनी भरलेला. दात्याचं वय: चौसष्ट. पासष्ट सतरा नोव्हेंबरला पूर्ण होणार. ऑपरेशन सहा नोव्हेंबरला. अकरा दिवसांनी वाचणार.

आईची दोन्ही मूत्रपिंडं गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. आठवड्यातून तीनदा चार-चार तास ती मशीनला जोडलेली असे, आणि उरलेल्या दिवसांत त्या चार तासांतून सावरत असे. मुलीचा रक्तगट जुळला नाही. बाबांचा जुळला. त्या दिवशी बाबा इतके खूश झाले होते की त्यांनी रिपोर्ट दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. मग एकामागून एक तपासण्या झाल्या, आणि प्रत्येक तपासणीची तारीख बाबा स्वतः ठरवत, स्वतः फोन करत, चार दिवस अलीकडची मिळते का विचारत. तेव्हा तिला वाटलं होतं, आईसाठी जीव तुटतोय. तो तुटतच होता. पण आता तिला मिशीही आठवली. महिन्याभरापूर्वी बाबांनी मिशी काळी करून घेतली होती, आयुष्यात पहिल्यांदा. आई म्हणाली होती, कुणाला बघायला निघालात. सगळे हसले होते. मूत्रपिंड द्यायला निघालेला माणूस मिशी कशाला काळी करतो, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही.

वार्षिकीच्या ग्रंथालयात प्रत्येक अध्यक्षाच्या नावाचं एक पाकीट असे, आत कात्रणं. अकराव्या पाकिटात तिला त्यांच्या बहिणीच्या निधनाची बातमी सापडली. अध्यक्षांच्या धाकट्या भगिनी, वय अठ्ठ्याऐंशी. तेव्हा अध्यक्ष स्वतः जिवंत होते, आणि तक्त्याप्रमाणे चौऱ्याऐंशीचे. तिने कात्रण समोरच्या टेबलावर ठेवलं. अनुस्वारांनी चष्मा वर सारून वाचलं आणि म्हणाले, "धाकटी बहीण थोरल्या भावापेक्षा चार वर्षांनी मोठी. घराणंच कर्तबगार." तिने विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं का. त्यांनी खिडकीकडे बघितलं. ठाऊक म्हणजे काय, ते म्हणाले. सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण छापायचं ते कागदावरचं, तळटीप टाकायची, अधिकृत नोंदीनुसार. हे दोन शब्द फार सोयीचे आहेत, त्यांच्याखाली काहीही झाकतं. तिला त्यांचा संशय आला. ही माणसं तीस-तीस वर्षं चुका शोधण्याचा पगार घेतात आणि नेमकी कोणती चूक राहू द्यायची हे त्यांना चांगलं कळतं. मग तिला स्वतःचाही संशय आला, कारण ते दोन शब्द ऐकून क्षणभर तिला बरं वाटलं होतं. आपली भाषा तर उघडच म्हणते, वय चोरतो. चोरतो म्हणजे कुणाचं? स्वतःचंच. आणि चोरलेली वर्षं ठेवतो कुठे? वस्तू एका जागेवरून नाहीशी झाली तर दुसऱ्या कुठल्या तरी जागी सापडली पाहिजे, असं तिला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं.

दुपारी जिन्यात उभी राहून तिने आत्याला फोन लावला. आत्याचं वय पक्कं होतं. तिच्या जन्माच्या वर्षी गावच्या नदीवरचा पूल बांधून पुरा झाला होता आणि पुलाच्या दगडावर साल कोरलेलं होतं. एकोणसत्तर वर्षं झाली. तिने आडून आडून विचारायचं ठरवलं होतं, पण आत्याशी आडून बोलता येत नाही. बाबा तुझ्यापेक्षा किती लहान, एवढंच तिने विचारलं, आणि आत्याने दीड वर्ष असं एका दमात सांगून पुढे सगळं रामायण लावलं. गावच्या शाळेत तेव्हा जन्माचा दाखला कुणाकडे नसे. मास्तर मुलाला उभं करत आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की मूल सहा वर्षांचं झालं, घ्या नाव. नाही लागला तर पुढच्या वर्षी या. "तुझ्या बाबाचं डोकं मोठं आणि हात आखूड," आत्या म्हणाली. "दोन वर्षं परत पाठवला. माझ्याबरोबर निघायचा पाटी घेऊन आणि एकटा परत यायचा. तिसऱ्या वर्षी एकदाचा कान लागला." मास्तरांनी लिहिलं सहा. तारीख कोणती घालू म्हणाले, तर आजोबा म्हणाले, तुम्हीच चांगली बघून घाला. मास्तरांनी भिंतीवर बघितलं. तिथे अकराव्या अध्यक्षांची तसबीर होती. त्या वर्षी वर्गात सतराजण सतरा नोव्हेंबरला जन्मले. मग आत्याने विचारलं, पण तुला हे आत्ता कशाला हवंय. तक्त्यासाठी, ती म्हणाली, आणि हे खोटं आपल्याला किती चटकन सुचलं याचं तिला नवल वाटलं.

म्हणजे साडेसदुसष्ट. ती जिन्यातच बसली. खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवत होतं. चार वर्षं चोरणाऱ्या माणसाने दिलेली तारीख, एका मास्तराने उसनी घेऊन, एका मुलाला डकवलेली, नकलेची नक्कल. तिने आयुष्यभर फॉर्मांवर वडिलांची जन्मतारीख म्हणून तीच लिहिली होती. आणि तरी बाबांनी वय चोरलं असं म्हणता येत नव्हतं, ते त्यांच्या खिशात कुणीतरी घातलं होतं. पण खिशात आहे हे त्यांना ठाऊक होतं. मिशी काळी केली त्या अर्थी ठाऊक होतं.

हॉस्पिटलचा नियम तिला तोंडपाठ होता. दाता पासष्टच्या आत असेल तर रक्ताच्या तपासणीवरून हिशेबाने काढलेला गाळण-दर चालतो, म्हणजे मूत्रपिंडं मिनिटाला किती रक्त गाळतात तो आकडा. ऐंशी मिलिलिटरच्या खाली चालत नाही. पासष्टच्या पुढे हिशेब चालत नाही, प्रत्यक्ष मोजावं लागतं. बाबांचा आकडा एक्क्याऐंशी होता. त्या दिवशी घरी पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. टेबलाशी परत येऊन तिने तो रिपोर्ट मोबाईलवर उघडला, आणि खालच्या बारीक अक्षरांतलं सूत्र वाचलं. सूत्रात वय होतं. हिशेब करणाऱ्या यंत्राने बाबांचं रक्त बघितलं होतं, आणि मग विचारलं होतं की वय काय, आणि कुणीतरी चौसष्ट असं सांगितलं होतं. तिने चौसष्ट खोडून सदुसष्ट घातले. एकोणऐंशी पूर्णांक तीन. पुन्हा चौसष्ट घातले, एक्क्याऐंशी. रक्त तेच होतं. अकरावे अध्यक्ष मरून जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती आणि त्यांची तारीख अजून आईच्या पलंगाशी येऊन बसत होती.

त्या संध्याकाळी ती आधी आईकडे गेली. मशीनचा दिवस होता, आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, हातावर पट्टी. तिने कडेला बसून इकडचं तिकडचं काढलं आणि मग विचारलं, तुमचं लग्न झालं तेव्हा बाबांचं वय किती होतं. आईने तोंड न वळवता सांगितलं, "मला त्यांचं वय विचारू नकोस. मला कळलं तर मला नाही म्हणावं लागेल." आवाज अगदी साधा होता, खिडकी लाव म्हणावं तसा. ती उठून खरोखरच खिडकीपर्यंत गेली. आता या घरात तीन माणसं होती, तिघांना एकच गोष्ट ठाऊक होती, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला ती माहीत नाही असं समजून चालत होता. की समजून चालण्याचं सोंग करत होता? आणि कधीपासून? त्या हसण्यात, कुणाला बघायला निघालात म्हणून आई हसली त्या हसण्यात, आई खरंच हसली होती का?

बाबा जिन्यात सापडले. चार मजले चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे, असा त्यांचा महिन्याभराचा क्रम होता. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. इमारतीची लिफ्ट उत्तम चालू, तिच्या आवाजावरून ते तिची तब्येत सांगत. आणि हे शेजारून पायऱ्या चढत होते. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला हात लावून ते उभे राहिले, दम लागल्याचं दिसू नये म्हणून नाकाने श्वास घेत. ती म्हणाली, आत्याशी बोलले.

"तुझी आत्या फार बोलते," ते म्हणाले.

"फॉर्मवर तुम्ही चौसष्ट लिहिलंत."

"फॉर्मवर कागदावरची तारीख मागितली होती. कागदावरची लिहिली. मी काही घरची नाही घातली." मग काहीसं हसून म्हणाले, "सरकारी तारीख आहे ती. अध्यक्षांची."

तिने त्यांना अध्यक्षांचं सांगितलं. धाकटी बहीण, चार वर्षं, सगळं. ते ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर आधी गंमत दिसली, मग ती ओसरली. एवढी वर्षं आपल्याकडे एक बरा कोट आहे असं वाटावं आणि तो देणाऱ्यानेच चोरून आणला होता असं कळावं, तसे ते स्वतःच्या बाहीकडे बघत राहिले. मग तिने एकोणऐंशी पूर्णांक तीन सांगितलं. तो आकडा तिने हळूच सांगितला, तरी जिन्यात घुमला. ती म्हणाली, मोजून घेऊ, मोजलं तर कदाचित जास्तही येईल, सूत्र सगळ्यांच्या सरासरीचं असतं, तुमचं एकट्याचं नसतं. हे खरं होतं. पण कमीही येईल हेही तेवढंच खरं होतं, आणि तो अर्धा भाग तिने गाळला हे दोघांनाही कळलं.

"मोजतील आणि परत पाठवतील," बाबा म्हणाले. "मला दोनदा मोजून परत पाठवलंय. पाटी घेऊन एकटा घरी यायचो. तेव्हा नुसती शाळा होती." वर लिफ्ट थांबली, दार उघडलं, मिटलं. त्यांनी सवयीने कान देऊन ऐकलं. "आणि त्यांनी घेतलं, आणि मग मलाच काही झालं," ते म्हणाले, "याची भीती मला वाटत नाही असं समजू नकोस. वाटते. पण ती दुसऱ्या नंबरची आहे."

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. न सांगितलं तर आईला मूत्रपिंड मिळेल, आणि या माणसाजवळ एक उरेल, ज्याच्या जिवावर किती वर्षं काढायची ते कुणीच मोजलेलं नसेल. सांगितलं तर कदाचित आई मशीनवरच राहील, आणि ते तिने केलेलं असेल. तिला दोन्ही वाक्यांत 'कदाचित' घालायचं होतं, पण तो शब्द एकाच वाक्यात आपोआप आला होता, आणि तिला आपल्या मनाचाच संशय आला. आपल्याला खरं हवंय, की नुसतं आपल्या हातून खोटं नकोय? बाबांनी रुमालाने कपाळ पुसलं. रुमालावर मिशीच्या काळ्याचा बारीक डाग उमटला. त्यांनी तो बघितला, घडी आत घातली आणि म्हणाले, "तू सांगणारच आहेस ना. मग मी बरोबर असताना सांग. माझ्या पाठीमागे नको."

दुसऱ्या दिवशी संपादकांनी तक्ता मागितला. तिने अकराव्या ओळीत शहाऐंशी वर्षं चाळीस दिवस असंच ठेवलं होतं, आणि खाली तळटीप लिहिली होती: भगिनीच्या वयाशी तुलना करता किमान चार वर्षे अधिक. संपादकांनी तळटीप खोडली. ते म्हणाले, वार्षिकी म्हणजे चौकशी समिती नव्हे. तिने वाद घातला नाही. अनुस्वारांनी मात्र प्रूफ परत आल्यावर शेवटच्या रकान्यात, अकराव्या ओळीत, दिवसांच्या आकड्यापुढे एक बारीक फुली मारली, जिची खाली टीप नव्हती. तिने बघितल्यावर ते म्हणाले, आणखी काही करता येत नाही, पण ज्याला शंका येते तो फुली बघून थांबतो.

गुरुवारी ती आणि बाबा डॉक्टरीणबाईंच्या समोर बसले. बाबांनी मिशी साबणाने धुऊन काढली होती. ती आता राखाडी आणि जराशी तांबूस दिसत होती. सांगायचं ते तिने सांगितलं: पूल, कान, मास्तर, तसबीर. सांगताना तिला ते सगळं खोटं वाटू लागलं, आणि फॉर्मवरची ठसठशीत तारीखच खरी. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मग खरी तारीख कोणती. तिने बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, ती कुणालाच माहीत नाही, माझ्या आईला ठाऊक होती, ती गेली. डॉक्टरीणबाईंनी फॉर्मवरच्या वयाला गोल केला आणि म्हणाल्या, मग मोजूनच बघू; ऐंशी किंवा वर आलं तर सहा तारखेला ऑपरेशन, खाली आलं तर नाही, मधलं काही मला करता येत नाही, येईल तो आकडा मी धरेन. आईला सांगायचं का, असं तिने विचारलं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा नजर वर केली. तुमच्या आई काल फोनवर मला हेच सांगत होत्या, त्या म्हणाल्या. घरात काही निघालं तर त्यांना सांगायचं की नाही ते मीच ठरवावं, म्हणून.

चाचणी सोमवारी सकाळी झाली. एका दंडात औषध टोचलं, आणि ते रक्तातून किती वेगाने गाळलं जातं हे बघायला दुसऱ्या हातातून पाच वेळा रक्त घेतलं. मधल्या वेळात हलायचं नव्हतं. बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले होते, आणि ती त्यांच्याकडे. दुसऱ्या वेळी शीर सापडेना, नर्सने सॉरी म्हटलं, बाबा म्हणाले, शोधा, घाई नाही. चौथ्या वेळेनंतर त्यांनी विचारलं, किती आलं हे आत्ता कळतं का. नर्स म्हणाली, नाही, आम्ही नुसतं घेतो, आकडा वरून येतो.

रिपोर्ट गुरुवारी आला. पाकीट तिच्या हातात दिलं होतं, पण बाबांनी हात पुढे केला म्हणून तिने ते त्यांना दिलं. त्यांनी घडी उलगडून कागद दूर धरला, मग जवळ, आणि वयाच्या रकान्यात 'अनिश्चित' असं छापलं होतं ते तिला बोटाने दाखवलं. खालच्या ओळीत लिहिलं होतं: प्रत्यक्ष मोजलेला गाळण-दर, मिनिटाला ८३ मिलिलिटर, कमी-अधिक ४.